चौथ्या वडीचं शेपूट

ये वो पोरी, जवळ ये जराशी. वाचतेस तर नीट बूड टेकून वाच, गॅसवर दूध ठेवून एक डोळा तिकडे आणि एक इकडे असं करू नकोस. परवा फोनवर तू मला म्हणालीस, "मावशी, तुमच्या मुंगवड्याच्या पाकिटावर काय, तर हिरव्या पाच टिकल्या. त्याले सहा महिने लागले? मी माह्या पापडाचं लेबल फोनवर पाच मिनिटात काढलं." आणि हसलीस. हसलीस त्याचं मला काही नाही. पण तुझा कान धरायचा तर अमरावतीहून चांदूर बाजारला माझा हात पोचत नाही, म्हणून लिहायला बसले. सहा महिने काहून लागले ते ऐक. त्यातले चार आमच्या खाऊ घालण्यात गेले, हे आधीच कबूल करते.

तू आमच्या वड्या खाल्ल्यास, घालताना कधी बसली नाहीस. सालीची मुंगाची डाळ रात्री भिजवायची, सकाळी साल धुऊन काढायची, भरड वाटायची. त्यात मिरची, आलं-लसूण, जिरं, बारीक चिरलेला हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. आणि मग फेटायची, हाताने. फेटता फेटता पीठ हलकं होतं. वाटीभर पाण्यात त्याचा एक थेंब सोडायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेट. मग गच्चीवर बाज टाकायची, तिच्यावर प्लास्टिक अंथरायचं आणि तीन बोटांनी ओळीने वड्या घालायच्या. फेटलेलं पीठ कोणासाठी थांबत नाही, खाली बसतं. म्हणून एकदा हात घातला की दारात कोणी का येईना, उठायचं नाही.

आम्ही पाच जणी आहोत. मी, माझी जाऊ, मागच्या गल्लीतल्या दोघी बहिणी, आणि आपा. आपा भिंतीपलीकडची. तिची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यात कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून विरजणापासून सुईदोऱ्यापर्यंत सगळं इकडचं तिकडे होतं. फेटायचं मला तिने शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या वड्या दगडासारख्या व्हायच्या, आणि ती भिंतीवरून पाहून म्हणायची, "क्या वो, भाजी बनाती या घर बांधती?" पुढे आमच्या वड्या लोक मागून न्यायला लागले, त्याच्यामागे तिचा हात होता.

दोन वर्षांमागे आपा ओल्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण दोन बोटं पुरती मिटत नाहीत. तेव्हापासून तिची वडी गोल पडते आणि एका बाजूला बारीक शेपूट राहतं. चवीत काही फरक नाही. पण ओळीत उठून दिसते.

आता स्टुडिओचं सांगते. तोवर आमचं पाकीट म्हणजे साधी प्लास्टिकची पिशवी आणि वर पिनेने टोचलेली चिठ्ठी, माझ्या अक्षरातली. माझ्या सुनेने बचत गटाच्या प्रदर्शनात कोणाच्या तरी डाळीचं देखणं पाकीट पाहिलं. कोणी केलं म्हणून विचारत गेली, तर अकोल्याच्या एका डिझाइन स्टुडिओचा पत्ता लागला. मला म्हणाली, "आई, आपला ब्रँड झाला पाहिजे." मी म्हटलं, "तो कसा करतात?" ती म्हणाली, "ते लोक करून देतात."

माझ्या डोक्यात ब्रँड म्हणजे बिस्किटाचा पुडा. फोडला की सगळी एका मापाची. आणि मी काय केलं, ते सांगायला अजून जड जातं. अकोल्याला जायच्या आधीच्या आठवड्यात मी आपाला म्हटलं, "आपा, तू आता डाळ निवडत जा. बसल्या बसल्या होते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि सूप पुढे ओढलं. दोन दिवस डाळ निवडली. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून तिच्या सुनेने निरोप दिला की अम्मीचा गुडघा दुखून राहिला. आपा दिवसातून चार वेळा जिना चढते, तिचा गुडघा मला ठाऊक आहे. दुखलं होतं ते गुडघ्यात नव्हतं. तिने आधी घातलेल्या शेपटाच्या वड्या मी एका वेगळ्या डब्यात घातल्या, घरी खायला म्हणून, आणि तो डबा गच्चीवरच्या खोलीत फळीवर मागे सारला.

अकोल्याला सून आणि मी बसने गेलो. मला वाटलं होतं मोठाल्या मशिनी असतील. एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या होत्या. भिंतीभर कागद टाचलेले, टेबलावर पेन्सिली, आणि तुझ्याच वयाची एक पोट्टी. तिने मला रंग विचारला नाही, नाव विचारलं नाही. विचारलं काय, "काकू, पीठ झालं हे तुमाले कसं समजते?" मी पाण्यातल्या थेंबाचं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "मले पाहाचं आहे. तुमचं काम चालू असते तवा येऊ का?"

मी म्हटलं, "ये ना. कवाही ये."

तारीख ठरली. आणि ती येणार म्हणून आम्ही काय केलं असेल? आदल्या दिवशी बाजा उचलल्या, गच्ची धुतली, पीठ फेटायचे गंज-पातेली, पराती घासून फळीवर पालथ्या घातल्या. जावेने पाटोडीची भाजी केली, मी पुऱ्या आणि शिरा. चौघी धुतलेल्या साड्या नेसून सोफ्यावर बसलो. पोट्टी आली, सोबत फोटो काढणारा एक जण. जेवले, छान म्हणाले. मग ती इकडे तिकडे पाहून म्हणाली, "काकू, वड्या कुठी आहेत?"

"डब्यात. झाल्या ना त्या."

"मग काम कवा करता?"

"तुमी गेल्यावर," जाऊ म्हणाली. तिला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही, मलाही नाही. पाहुणा दारात असताना पिठात हात घालून कोण बसतं?

दुसऱ्या वेळी तिने आधी फोन करून सांगितलं की काही करू नका. आम्ही समजलो, जास्त काही करू नका. त्या दिवशी कढी-भात आणि भजी होती. तिसऱ्या वेळी ती जेवूनच आली, तर जाऊ रुसली. असे दिवस गेले. पोट्टीने आमच्या घरची ताटं पाहिली, पडदे पाहिले, लग्नातला फोटो पाहिला. वडी घालताना काही पाहिलं नाही.

जे पाहिलं त्यावरून बिचारीने चित्र काढून आणलं. नऊवारीतली बाई, नाकात मोत्यांची नथ, मागे सूर्य, हात जोडलेले. आमच्यापैकी कोणी नऊवारी नेसत नाही, आणि हात तर पिठात असतात, जोडणार कुठून. पण पाहुण्याने आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही असं आमच्यात असतं. भाजीवालीशी आम्ही अर्धा तास भांडू, पाहुण्याला नाही म्हणणार नाही. मी म्हटलं, "छान आहे." जाऊ म्हणाली, "लय छान." दोघी बहिणी म्हणाल्या, "छानच." आणि मी पोहे आणायला उठले.

परत आले तर ती कागद गुंडाळत होती. रागावलेली नव्हती. म्हणाली, "काकू, सगळ्याईनं छान म्हटलं, पन कागद कोनी हातात नाही घेतला."

मी पोह्यांच्या ताटल्या खाली ठेवल्या.

"तुमच्या ताटाले मी हात नाही लावला असता, तर तुमाले कसं वाटलं असतं? तसं मले वाटलं." आणि हसली. "तुमी मले पाहुनी करून ठेवली. आता मी सांगून येत नाही."

पोरी, मी इतकी वर्षं लोकांना वाढते. कोणाला काय आवडलं नाही हे मला ताटावरून कळतं. पण कोणी ते मला असं उलटून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्या पोट्टीबद्दल माझ्या मनात जे बसलं ते आजपर्यंत हललं नाही. आपलं स्वतःचं केलेलं काम पिशवीत परत घालायचं, दोन महिन्यांची मेहनत, आणि चेहऱ्यावर आठी नाही. मला माझी एक भाजी उरली तरी दिवसभर लागतं.

मग थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. सकाळचे सात-साडेसात झाले असतील. मी कोपरापर्यंत पिठात, जाऊ मिरच्या वाटून वाटून शिंकतेय, दोघी बहिणी बाज ओढताहेत, कोणाचे केस विंचरलेले नाहीत. जिन्यावर पावलं वाजली आणि पोट्टी वर आली, एकटी. पहिल्या बसने निघाली होती.

मी म्हटलं, "अवो, बस, चहा..." आणि उठू शकले नाही. पीठ सोडून उठायचं कसं? ती खाली फरशीवर बसली, भिंतीला टेकून. तासभर तिने वही उघडली नाही. नुसती पाहत होती. मी विसरले की ती आहे, आणि तेच तिला हवं असावं.

त्या दिवशी पीठ जमत नव्हतं. खरं तर आपा येईनाशी झाल्यापासूनच जमत नव्हतं. मी थेंब सोडला, तो पाण्यात मध्येच लटकला. वर येईना, खाली जाईना. पुन्हा फेटलं, पुन्हा तेच. शेवटी म्हटलं, चालते, घाला. ओळी पडायला लागल्या. पोट्टी उठून बाजेजवळ आली आणि विचारायला लागली, "हे ओळ कोनाची?"

"माही," मी म्हटलं. "मले घाई असते, लहान लहान पडतात."

"आन हे टोकाची?"

"यांच्या जाऊबाईची," धाकटी बहीण म्हणाली. "वडीतही नाक वर."

"तुही पाह्य, चपटी, कोनी बसल्यासारखी," जाऊ म्हणाली.

पोट्टी हसत होती आणि आता वहीत काढत होती. कोणाची कोणती हे आम्ही न विचारता सांगू शकतो याचं तिला फार नवल वाटलं. आम्हाला त्यात काय नवल, अक्षर ओळखावं तसं ते आहे. मग ती पाणी प्यायला खोलीत गेली आणि फळीवरचा तो डबा घेऊन बाहेर आली. झाकण तिने उघडलं होतं.

"आन ह्या?"

जाऊ भराभर वड्या घालायला लागली. मग थोरली बहीण म्हणाली, "त्या आपाच्या. त्या पाकिटात जात नाही."

"काहून?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एकसारख्या नाहीत ना."

पोट्टीने बाजेवर पाहिलं, चार ओळी, चार तऱ्हा. मग माझ्याकडे पाहून अगदी साधेपणी विचारलं, "इथं एकसारख्या कोनत्या आहेत, काकू?"

तिने मला लाजवायला विचारलं नव्हतं, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. म्हणून जास्त लागलं. जाऊ हळूच म्हणाली, "आपा असती तर पीठबी झालं असतं." गंजात अर्ध्याहून जास्त पीठ अजून होतं.

मी उठले. पीठ सोडून उठले, हात तसेच. भिंतीपलीकडे कोणी नव्हतं, म्हणून जिना उतरून आपाच्या दारात गेले. ती लसूण सोलत बसली होती, डाव्या हाताने.

"क्यों आई? दाल साफ करनी है क्या?"

"नाही. वड्या घालाले चाल."

"मेरी तो टेढी गिरती."

"पडू दे."

"तेरे डब्बे में नहीं बैठती."

"डब्बा बदलून राहिलो, आपा."

तिने लसणाची पाकळी वाटीत टाकली. पुढची सोलायला घेतली. मी दाराला हात टेकून उभी. मग ती म्हणाली, "पहले हात हटा वहाँ से. मेरे दरवाजे को पीठ लगा दिया." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. गुडघा काही दुखताना दिसला नाही.

वर येऊन तिने गंजात हात घातला. "किसने फेटा ये?" म्हणाली. "बीमार कर दिया इसको." मग पाव तास फेटलं, मिटत नाहीत त्या दोन बोटांनी, बोलत बोलत, आम्हाला नावं ठेवत ठेवत. थेंब सोडला. तो बुडालाच नाही, पाण्यावर पडला आणि गोल फिरला. आपाने पोट्टीकडे पाहून विचारलं, "ये कौन?" मी म्हटलं, "आपला ब्रँड करून राहिली." आपा म्हणाली, "तो इसको कुछ खाने को दिया के नहीं?" सगळ्या हसल्या, पोट्टी सगळ्यात जास्त.

आपा बाजेच्या कडेला तिच्या जागी बसली. चौथी ओळ तिची असते. पोट्टी तिच्या हातासमोर मांडी घालून बसली आणि दुपारपर्यंत तो एकच हात काढत राहिली.

महिन्याभराने आम्हा पाच जणींना तिने अकोल्याला बोलावलं. टेबलावर एक कागद ठेवला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. कागदावर बाई नव्हती, सूर्य नव्हता. पाच वड्यांची एक ओळ. एक लहान, एक टोकाची, एक चपटी, चौथीला बारीक शेपूट, पाचवी थोरलीची, जरा पसरलेली. रंग कोणता, तर भिजल्या सालीचा हिरवा, डाळ धुताना पाण्यात उतरतो तो. तो रंग मी जन्मभर मोरीत सोडून दिला आणि या पोट्टीने तो उचलून कागदावर ठेवला.

कोणी छान म्हटलं नाही. आपाने कागद उचलला, डोळ्याजवळ नेला, चौथ्या वडीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ये मेरी है."

मग जाऊने तिच्या हातून ओढला. "माही एवढी लहान काहून काढली?"

"ते माही आहे," मी म्हटलं, "तुही टोकाची. आन वो पोरी, वरचं नाव मोठं कर, माह्या चष्म्याले दिसत नाही." धाकटी म्हणाली चपटी जास्तच चपटी झाली. थोरली म्हणाली हिरवा जरा गडद पाहिजे. सगळ्या एकदम बोलत होतो. पोट्टी खिडकीतून आली, खुर्ची ओढून बसली आणि एकेक लिहून घेऊ लागली. इतकी खूश मी तिला कढी-भात वाढतानाही पाहिली नव्हती. आम्ही तिच्या कामाला नावं ठेवत होतो, म्हणजे ती आता पाहुणी उरली नव्हती.

इथे संपलं असतं तर मी तुला फोनवरच सांगितलं असतं. छपाई अमरावतीत करायची ठरली. छापखान्यातून नमुना घरी आला, मी आणि आपा भिंतीशी उभ्या राहून पाहत होतो. पाचही वड्या होत्या. चौथी गोल होती.

मी छापखान्यात फोन लावला. तो भला माणूस म्हणाला, "काकू, एका टिकलीले डाग पडला होता. मी साफ करून देल्ला."

आपाने ऐकलं. म्हणाली, "अच्छा किया. अब सब बराबर हैं." आणि जिन्याने खाली गेली. तिच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

मी पोट्टीला फोन केला. मला वाटलं ती म्हणेल, एवढंसं तर आहे काकू, राहू द्या. ती म्हणाली, "छापू देऊ नका. मी निघाली." दुपारी ती छापखान्यात उभी होती, मीही गेले. मला वाटलं होतं भांडेल. तिने पर्समधून कागदाची पुडी काढली, उघडली आणि आतली वडी त्याच्या टेबलाच्या काचेवर ठेवली. आपाची वडी. त्या सकाळपासून तिने जपून ठेवलेली.

"दादा, याले डाग आहे का?"

त्याने ती उचलली, उलटीपालटी केली. "डाग काहून? वडी आहे. शेपूट आहे तिले."

"हेच काढली आहे मी."

तो जरा वेळ कागद पाहत राहिला, मग वडी पाहत राहिला. म्हणाला, "हात कोनाचा आहे?" मी सांगितलं. तो उठून मशीनकडे गेला. पोट्टी पहिला कागद बाहेर येईपर्यंत तिथेच उभी होती, त्याने मागवलेला चहा तसाच निवला. आणि तो पहिला कागद तिने माझ्या हातात दिला नाही. माझ्या घरी आली, गच्चीवर गेली, भिंतीवरून आपाला हाक मारली आणि तिच्या हातात दिला. आपाने तो दोन्ही हातांनी घेतला. मग मला म्हणाली, "तू क्या देखती? कल की दाल भिगाई के नहीं?"

तर असे लागले सहा महिने. तुझं लेबल मी पाहिलं, रंगीत आहे, चांगलं आहे. पण त्यात तुझा हात मला सापडला नाही. तू पापड लाटतेस तेव्हा लाटणं डावीकडे जास्त दाबतेस, तुझी आईही तसंच करायची, तुमचे पापड नेहमी एका बाजूने पातळ. ते कोणी पाहिलं का? तू त्या पोट्टीशी बोल म्हणत नाही, आधी इथे ये.

लवकर ये, ऊन कडक आहे तोवर. पण फोन करून येऊ नकोस. फोन केलास की जाऊ पुरणाची तयारी करेल आणि बाजा उचलल्या जातील. सकाळच्या पहिल्या बसने ये, जिना चढून सरळ वर ये. आमच्यापैकी कोणी उठणार नाही, चहा मिळणार नाही, राग मानू नकोस. बाजेवर चौथी ओळ आपाची, पाचवीच्या पुढे सहाव्या ओळीची जागा आम्ही सोडून ठेवली आहे. तुझी वडी कशी पडते ते आपाला पाहायचं आहे, तू कधी येणार म्हणून ती रोज विचारून राहिली.